लहान प्रोसेसर पुरला असता

अल-मीना,
९ फेब्रुवारी

चि. वाएल यास,
नजलाताईचे अ. आ. वि. वि.

पत्र आलं म्हणजे कोणी गेलं, असं समजून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या लामियाची नणंद कुवेतला नवऱ्याकडे निघाली आहे, तिच्या बॅगेत ऑलिव्ह, झातरचा मसाला आणि हे पत्र कोंबलं आहे. फोनवर का बोलत नाही म्हणशील. फोन आला की बाबा स्पीकर लावतात, आणि स्पीकर लागला की निम्मी बिल्डिंग आपल्या दिवाणखान्यात येऊन बसते. मेसेज केला तर तू लगेच उलटा फोन करून ओरडतोस. पत्र वाचताना माणूस निदान आधी खाली बसतो.

माझ्या ऑफिसने निर्वाणीचं कळवलं आहे. मी दवाखान्यांचे कागद घरी बसून टाइप करते, ते लोकांच्या आजारपणाचे कागद, तेव्हा घरच्या लाईनला नीट कुलूप हवं. ते उन्हाळ्याच्या आत लागलं नाही तर काम दुसऱ्या कोणाला देणार. त्यांची काही चूक नाही. आपला पासवर्ड रस्त्यावरच्या भाजीवाल्यालासुद्धा पाठ आहे. बाबांनी जन्मभर बंदरावर कॉफीचं दुकान चालवलं, आलेला माणूस कोरडा परत गेला नाही. आता दुकान नाही, कॉफी महाग झाली, म्हणून पासवर्ड देतात. परवा गॅलरीतून ओरडून सांगत होते, मी तोंडावर हात ठेवायला धावले.

तर तू म्हणत होतास ती पेटी पाठव. लाईन आणि घर यांच्या मध्ये बसणारा तो लहान कॉम्प्युटर, आत कोणाला सोडायचं नि कोणाला नाही ते बघणारा. त्यात कोणता प्रोसेसर घालावा यावर तू मागे बराच वेळ बोललास. मला त्यातलं एवढंच कळलं की लहान असतो तो वीज कमी खातो. मला तो लहानच हवा.

कारण तुला माहीत आहे, पण तिथे राहून विसरला असशील म्हणून लिहिते. सरकारी वीज आली तर आली. जनरेटरवाला अबू लबीब डिझेल वाचवायला दुपारभर इंजिन बंद ठेवतो. दुपारी घरात जे काही चालतं ते बॅटरीवर, आणि त्या बॅटरीवर पहिला हक्क बाबांच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आहे. डॉक्टर म्हणतात, नळी जेवढा वेळ नाकात राहील तेवढं हृदयाला बरं. बॅटरी आता म्हातारी झाली आहे. तेव्हा प्रोसेसर निवडताना माझा नाही, बाबांच्या नळीचा विचार कर.

रुबाला आणि सेलीनला गोड पापा. बाकी क्षेम. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी,
नजलाताई


कुवेत,
२७ फेब्रुवारी

ती. नजलाताईस,
धाकट्या वाएलचा सलाम. वि. वि.

ऑलिव्ह पोचले. निम्मे रुबाने लपवले आणि निम्मे मी शोधून काढले. तुझं पत्र मी खाली बसूनच वाचलं, याची नोंद घ्यावी.

आता कामाचं. गेले दोन आठवडे मी प्रोसेसर या विषयावर एवढा विचार केला आहे की रुबा म्हणते, मला मागणी घालताना एवढा केला होतास का. आपल्या कपाटात पडलेला जुना कॉम्प्युटर बाद. त्याच्या प्रोसेसरला गुप्त भाषेत बोलायचं अंगभूत कसब नाही. तुझ्या ऑफिसचा प्रत्येक कागद कुलूपबंद होऊन जायला हवा, आणि ते कुलूप घालता घालता तो धापा टाकील. राहिले दोन. एक लहान, चार कोअरचा, पंखाही लागत नाही, रात्रीच्या दिव्याएवढी वीज खातो. दुसरा मोठा, आठ कोअरचा, टेबलावरच्या कॉम्प्युटरात असतो त्या जातीचा. त्याला पंखा लागतो, पण जन्मात कमी पडणार नाही.

मी मोठा घेतला आहे. ओरडू नकोस, आधी ऐक. एक तर बाबांनी मला फोन केला होता. तू कामात होतीस तेव्हा. म्हणाले, येणारी पेटी एकट्या नजलाची कशी असेल, वर उम्म रमज़ी आहे, तिचा मुलगा ब्राझीलमध्ये, तिला आपल्या लाईनवरून त्याचं तोंड दिसतं. तिला काय आता दारातून हाकलायचं? सगळ्यांना पुरेल अशी पाठव. आता बाबा तोंड उघडून काही मागतात असं मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसरं म्हणजे, भावाने परदेशातून घरी पाठवायचं आणि त्यातही काटकसर करायची, हे मला जमणार नाही. लोक पेटी उघडून बघणार, तुला ठाऊक आहे.

विजेचं म्हणशील तर मी कागदावर मांडून बघितलं आहे. मोठा प्रोसेसर काम नसताना पेंगतो, तेव्हा फार खात नाही. शिवाय मी तो इथूनच सांभाळीन, बिल्डिंगसाठी वेगळी वाट काढून देईन, तुझ्या खोलीची वाट वेगळी. कोणी तुझ्या कागदांपर्यंत पोचणार नाही. आणि शुक्रवारी आपण बोलतो तेव्हा चित्र अडखळायचं नाही. सेलीनला आजोबा चौकोन चौकोन दिसतात, ती त्यांना विटांचे आजोबा म्हणते.

पेटी बंदरावरच्या फौआदच्या जावयाबरोबर येते आहे. तारा कशा जोडायच्या ते आत चित्र काढून ठेवलं आहे. बाबांना हात लावू देऊ नकोस.

कळावे. रागवायचं असेल तर पत्रातून रागव, म्हणजे मला वेळ मिळतो.

तुझा,
वाएल


अल-मीना,
२४ मार्च

चि. वाएल यास,
अ. आ. वि. वि.

पेटी आली, चालू झाली, आणि माझ्या ऑफिसने तपासून ठीक म्हणून कळवलं. काम टिकलं. त्याबद्दल तुझा पापा घेते, आणि मोठा घेतलास म्हणून कान पिळते.

बाबांनी तिचं नाव नातूर ठेवलं आहे. आपल्या बिल्डिंगला पहारेकरी परवडेनासा झाला त्याला किती वर्षं झाली, तेव्हा हा नवा. पहिल्या दिवशी सगळा जिना येऊन बघून गेला. लामियाच्या नवऱ्याने पेटीवर हात ठेवून उष्णता पाहिली आणि जाणकारासारखी मान हलवली. बाबांनी प्रत्येकाला सांगितलं, माझ्या मुलाने सर्वांत मोठा पाठवला, हवा तेवढा वापरा. सगळ्यांनी मनावर घेतलं. मालिका बघतात, वरच्या मजल्यावरची पोरं खेळ खेळतात, उम्म रमज़ीने तर ब्राझीलचा फोन जेवायला बसतानाही ठेवणं सोडलं आहे. ताट मांडून ती मुलाशी जेवते. तिचा चेहरा बघून मला काही बोलवत नाही.

पण तुझा मोठा काही पेंगत नाही रे. त्याला पेंगायला इथे सवड कोण देतं? दुपारभर त्याचा पंखा घुमत असतो, आणि बॅटरी पूर्वी संध्याकाळपर्यंत पुरायची ती आता आधीच टिटी करायला लागते. मी बाबांना म्हटलं, दुपारी तेवढं जिन्याचं बंद करू. ते म्हणाले, दिलेला घास कोणी तोंडातून काढतं का.

तुला तिथून काही करता येईल का? त्याला थोडा मंद कर, लगाम घाल, जे काय म्हणतात ते. नाहीतर तो लहानच पाठव. मी कुरकुर करते आहे असं समजू नकोस. मला भीती वाटते.

नारिंगीची फुलं यायला लागली आहेत. या वर्षीचं फुलांचं पाणी काढलं की बाटली पाठवीन. लोभ वाढता राहू दे.

नजलाताई


कुवेत,
१४ एप्रिल

ती. ताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस घाबरलो आणि शुक्रवारी एकदम हलका झालो. ताई, तू सांगितलं का नाहीस? बाबांची नळी गेली. गेल्या तीन-चार शुक्रवारी मी नीट बघितलं, नाकात नळी नाही, मागे त्या यंत्राची घरघर नाही. पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत, लग्नाला निघाल्यासारखे. मी विचारलं तर म्हणाले, डॉक्टर म्हणतो आता दुपारची गरज नाही, समुद्राची हवा लागू पडली. चित्र इतकं स्वच्छ येतं की सेलीनने त्यांच्या मिशीतले काळे केस शोधायचा खेळ काढला आहे. ते थोडं हळू बोलतात, वाक्याच्या मध्ये थांबतात, पण या वयात थांबणारच. रुबा मागे वळून डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, बघ, आठ कोअर वाया गेले नाहीत.

लगाम मी घातला आहे, थोडासा. जास्त आवळला तर सगळ्यांचंच चित्र अडखळेल, मग बाबा मला फोन करतील. तेव्हा सध्या एवढ्यावर भागव. नळी गेलीच आहे तर बॅटरीवरचा भारही उतरला असेल, नाही का?

माझं म्हणशील तर उन्हाळ्यात येणं कठीण दिसतं. जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडे राहण्याचा परवाना फिरवायचा आहे, तो मध्येच लोंबकळतो आहे. आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेणार नाहीत. सेलीनची शाळा आहे. बाबांना हे सांगितलं आहे, ते म्हणाले, आमच्यासाठी काही हलू नकोस, आम्ही मजेत आहोत.

आणि आहातच. देवाची कृपा. तुझी माया अशीच असो, आणि काळजी करण्याची सवय थोडी कमी असो.

तुझा,
वाएल


अल-मीना,
२ मे

चि. वाएल,
आशीर्वाद.

फुलांच्या पाण्याची बाटली सोबत आहे. पत्र एकटा असताना वाच.

नळी गेलेली नाही. डॉक्टरने असं काहीही म्हटलेलं नाही.

शुक्रवारी तू बोलतोस तेव्हा मी माझ्या खोलीत दार लावून, हेडफोन कानाला लावून टाइप करत असते, हे तुला माहीत आहे. गेल्या शुक्रवारी माझं काम लवकर संपलं. दार उघडलं तर घरात यंत्राचा आवाज नव्हता. मला वाटलं बिघडलं, धावत बाहेर आले, तर बाबा पडद्यासमोर बसून सेलीनला हसवत होते, आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. पडद्यावर ते कदाचित दिसत नसेल. त्यांनी मला हाताने खूण केली, जा म्हणून. मी दारामागे उभी राहिले. तू फोन ठेवलास तसे ते तिथेच खुर्चीत कलंडले. मी यंत्र लावलं, नळी घातली, तासभर त्यांचा हात धरून बसले.

मग विचारलं. आधी उडवून लावलं, मग सांगितलं. यंत्र आणि नातूर दोन्ही चालू असले की बॅटरी टिटी करते आणि बोलणं पुरं व्हायच्या आत घर बंद पडतं. पहिल्याच शुक्रवारी तसं झालं होतं, सेलीन गाणं म्हणत असताना. तेव्हापासून ते तुझा फोन यायच्या आधी यंत्र बंद करतात आणि बॅटरी तुझ्यासाठी राखून ठेवतात. डॉक्टर मंगळवारी येऊन गेले. हृदयावर ताण आला आहे म्हणाले. काय केलंत म्हणून मला विचारलं.

बाबांनी माझ्याकडून आईच्या कबरीची शपथ घेतली की फोनवर तुला चकार शब्द सांगायचा नाही. फोनवर मी सांगितलेला नाही. पत्राचं त्यांनी काही म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी मी लिहिलंच असतं.

मला तुझ्यावर राग काढायचा नाही. निघाला तर तो माझ्यावरही आहे, पलीकडच्या खोलीत बसून लोकांचे आजार टाइप करत होते. लहान पेटी पाठव.

नजला


कुवेत,
१६ मे

ताई,

नेहमीचं काही सुचत नाही, तेव्हा एकदम लिहितो.

लहान पेटी याच माणसाबरोबर पाठवतो आहे. सगळं आत भरून, लावून दिलं आहे. मोठी काढायची, तिच्या जागी ही, त्याच तारा. जिन्यातल्या कोणालाही तोडावं लागणार नाही, उम्म रमज़ीलाही नाही. बाबांना सांग की वाएलने नवीन, याहून चांगला पाठवला. ते ऐकतील.

आता तुला खरं सांगतो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. लहान प्रोसेसर पुरला असता. तुला, जिन्याला, सगळ्या गल्लीला पुरला असता. आपल्याकडची लाईनच इतकी रोडकी आहे की त्या आठ कोअरना कधी पोटभर कामच मिळालं नाही. तुझं कुलूप लहानानेही तेवढ्याच झटक्यात घातलं असतं. चित्र पूर्वी अडखळायचं ते लाईनवाल्याने दिलेल्या जुन्या खोक्यामुळे, लहानानेही स्वच्छ आलं असतं. मोठा नुसता चालू राहायलाच जास्त वीज खात होता, आणि आम्ही त्याच्याकडे बघून खूश होत होतो. मी इथे भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो अशा घरात बसून सगळा हिशेब मांडला. तुझं पहिलं पत्र काढून वाचलं. त्यात तू सगळं लिहिलं होतंस.

गेल्या शुक्रवारी मी बोलणं लवकर आवरलं. डोकं दुखतं म्हणालो. बाबा म्हणाले, कामाचा ताण असेल, नीट जेव. मी त्यांना नळी लावा म्हणू शकत नाही, तुझी शपथ उघडी पडेल. त्यांच्या ओठांकडे बघत होतो. पडद्यावर खरंच काही कळत नाही.

एक काम कर. पेटीबरोबर एक पातळ निळी तार आहे, तिचं एक टोक इन्व्हर्टरच्या मागच्या खाचेत लाव. म्हणजे घर किती वीज ओढतं आहे ते मला इथून दिसेल, आणि बॅटरी पुरते की नाही ते तुला विचारायला नको.

परवान्याचं अजून काही नाही. रोज जातो, उद्या या म्हणतात.

वाएल


अल-मीना,
२० जून

चि. वाएल यास,
अ. आ. वि. वि.

लहान बसवला. निळी तारही लावली. जिन्यात कोणाला फरक कळला नाही, फक्त लामियाचा नवरा येऊन हात ठेवून गेला आणि म्हणाला, गरम होत नाही म्हणजे बिघडला असणार. बॅटरी आता संध्याकाळी अबू लबीबचं इंजिन सुरू होईपर्यंत पुरते, आणि वर उरते. ऑफिस खूश आहे. बाबांना सांगितलं, नवीन आहे, यंत्र आणि फोन दोन्ही एका वेळी चालतील. ते म्हणाले, शाब्बास माझा वाएल.

मग शुक्रवार आला. मी दार उघडं ठेवून बसले होते. दुपार झाली तसे बाबा उठले, दाढी केली, पांढरा शर्ट घातला, नळी काढून घडी करून उशीखाली ठेवली आणि यंत्र बंद केलं. मी म्हटलं, बाबा, आता वीज पुरते. ते म्हणाले ठाऊक आहे. मी म्हटलं, मग? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

“नळी दिसली तर तो येईल. आला तर त्याला परत जाता येणार नाही. मग त्याच्या पोरीचं काय करशील तू?”

मी भांडले, वाएल. रडलेसुद्धा. उम्म रमज़ी वरून खाली आली. तिनेही बाबांना समजावलं नाही, नुसती माझी पाठ थोपटली. तिचा मुलगाही पडद्यावर नेहमी बरा असतो.

आणि हे ऐक. मधल्या एका शुक्रवारी तू मुद्दाम फोन केला नाहीस, त्यांना दम मिळावा म्हणून. मला कळलं होतं. ते शर्ट घालून, यंत्र बंद करून, इंजिन सुरू होईपर्यंत खुर्चीत बसून होते. न जाणो, उशिरा येईल म्हणून. मी नळी घेऊन गेले तर हात झटकला.

फोन केलास तर यंत्र बंद करतात, नाही केलास तर वाट बघत बंदच ठेवतात. आता मी तुझ्याकडे काय मागू ते मला कळत नाही. पाठवण्यासारखं काही उरलं नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, एवढं धरून ठेव.

नजलाताई


कुवेत,
८ जुलै

ती. नजलाताईस,
सलाम वि. वि.

शुक्रवारी फोन करत जाईन. ठरल्या वेळेला, एक मिनिटही उशीर न करता, आणि थोडाच वेळ. रुबाला सगळं सांगितलं आहे. सेलीनला एकच गाणं म्हणायला सांगितलं आहे. बाबा मला बरे असल्याचं दाखवतील आणि मी ते पटल्याचं दाखवीन. त्यांना कळलं की मला कळलं आहे, तर तेवढंही जाईल. तू काही बोलू नकोस.

तुझी निळी तार चालते. इथे माझ्या पडद्यावर आपल्या घराचा आकडा दिसतो. फ्रीज सुरू झाला की थोडा चढतो, तू इस्त्री केलीस की उडी मारतो. लहान प्रोसेसर इतका कमी खातो की तो त्यात शोधूनही सापडत नाही. बाबांचं यंत्र सुरू झालं की आकडा चढतो आणि चढलेला राहतो. आता मी ओळखायला लागलो आहे. ऑफिसात असताना मध्येच बघतो. चढलेला असला की कामाला लागतो.

शुक्रवारी तो आम्ही बोलायला लागायच्या आधीच खाली आलेला असतो. बोलताना मी एका डोळ्याने त्यांच्याकडे बघतो आणि एका डोळ्याने आकड्याकडे. मग सलाम म्हणून फोन ठेवतो, आणि बसतो. ते उठणार, पलंगापर्यंत चालत जाणार, उशीखालून नळी काढणार, बटण दाबणार. मी इथून त्यांच्याबरोबर चालतो. मग आकडा चढतो.

काल चढायला फार वेळ लागला. तू घरात नव्हतीस, लामियाकडे गेली होतीस, ते मला नंतर कळलं. मी तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. बाबांना लावला असता तर ते नळी न लावता आधी फोन घ्यायला परत फिरले असते. तेव्हा लावला नाही. रुबा येऊन माझ्यामागे उभी राहिली. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत होतो आणि तो हलत नव्हता.

मग चढला.

शुक्रवारी दुपारी तेवढी घरात राहत जा, ताई.

तुझा,
वाएल